शाळेचे नियम आणि घराची सही



वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची आपल्याकडील प्रथा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. अशा व्यासपीठावर मोठमोठे विषय बोलले जातात. आम्ही आज निवडलेला विषय त्या मानाने अगदी घरगुती आहे. मुलाचे नाव शाळेत घालताना शाळा आपल्या हाती नियमांची एक पुस्तिका देते आणि तिच्या शेवटच्या पानावर आपली सही मागते. त्या पुस्तिकेविषयी आम्ही बोलणार आहोत. परीक्षा संपल्या, निकाल तोंडावर आले, की घरोघर ‘आता पोराला कुठे घालायचे’ हा प्रश्न उभा राहतो. तेव्हा वसंताला साजेसाच हा विषय आहे असे म्हणावयास हरकत नाही.

हा विषय आम्हाला सुचला त्याला एक निमित्त घडले. आमच्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ एका संध्याकाळी घरी आले. घेवड्याचे पीक चांगले साधले होते, हातात चार पैसे आले होते, म्हणून त्यांनी आपल्या मुलीला गावातील शाळेतून काढून बाहेरगावच्या एका ‘इंटरनॅशनल’ शाळेत घातले होते. दारात पिवळी बस येते, पोरगी बूट-मोजे घालून जाते, याचे त्यांना कौतुक होते. त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली आणि आमच्यापुढे ठेवली. “मास्तर, येवढं जरा वाचून सांगा. सोमवारी सही करून परत द्यायचं हाय.”

पुस्तिका इंग्रजीत होती. चाळीसपेक्षा अधिक नियम होते. आम्ही वाचून अर्थ सांगत गेलो आणि ते मान डोलवीत गेले. एका नियमापाशी मात्र आम्ही थांबलो. त्यात लिहिले होते की, पालकांनी घरी मुलाशी इंग्रजीतच बोलावे. आम्ही तो वाचून दाखविला तेव्हा ते हसले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “आता कळलं. पोरगी परवा म्हणाली, गॅदरिंगला आज्जीला आणू नका.”

आजीने त्या मुलीला लहानाची मोठी केली होती. तिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही, एवढाच तिचा अपराध. एका छापील वाक्याने घरात काय उलथापालथ केली हे आम्ही त्या दिवशी पाहिले. तेव्हापासून अशा पुस्तिका कोणी आणून दिल्या तर आम्ही बारकाईने वाचू लागलो. त्या वाचनातून जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडतो.

पाटीवरचा शब्द

प्रथम ‘इंटरनॅशनल’ या शब्दाचाच विचार करू. हा शब्द शाळेच्या पाटीवर असला म्हणजे आतले शिक्षण आंतरराष्ट्रीय असते, असा आपला समज आहे. वस्तुतः नाव ही एक गोष्ट आणि संलग्नता ही दुसरी. राज्य मंडळ, सी.बी.एस.ई., आय.सी.एस.ई. ही सारी आपल्याच देशातील मंडळे. यांपैकी एखाद्या मंडळाशी जोडलेल्या शाळेने पाटीवर ‘इंटरनॅशनल’ लिहिले म्हणून तिचे मंडळ बदलत नाही. खरोखरीचे परदेशी अभ्यासक्रम आपल्याकडे मुख्यतः दोन चालतात. एक केंब्रिजचा आणि दुसरा ‘आय.बी.’ म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा. या दुसऱ्या संस्थेची स्थापना जिनीव्हा येथे १९६८ साली झाली. तेव्हा शाळेत विचारावयाचा पहिला प्रश्न असा : आपली शाळा कोणत्या मंडळाशी संलग्न आहे आणि त्याचा कागद पाहावयास मिळेल काय? हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. बैल घेतानादेखील आपण दात पाहतो.

आंतरराष्ट्रीय शाळा ही कल्पना निघाली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर राष्ट्रसंघाची कचेरी जिनीव्हास आली. नाना देशांतील अधिकारी आपापली कुटुंबे घेऊन तेथे राहू लागले. त्यांची मुले शिकावयाची कोठे आणि कोणत्या भाषेत? या अडचणीतून १९२४ साली मोजकीच मुले घेऊन तेथे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. जी राष्ट्रे काल रणांगणावर एकमेकांचे गळे घोटीत होती, त्यांची मुले एका बाकावर बसावीत, हा तिचा हेतू होता. उंची इमारत किंवा परदेशी उच्चार हा तिचा हेतू नव्हता.

आता १९२४ हे साल ध्यानात ठेवा. त्याच साली आपल्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी एक वसतिगृह काढले. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या हस्ते त्याला ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. जिनीव्हास नाना राष्ट्रांची मुले एकत्र आली, साताऱ्यास नाना जातींची. ज्या काळात एका विहिरीचे पाणी सर्वांना मिळत नव्हते, त्या काळात या वसतिगृहातील मुले एका चुलीवरचे अन्न एका पंक्तीत जेवत होती. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : घरी ज्यांना परके मानावयास शिकविले, त्यांच्याबरोबर मुलाने राहावे कसे? म्हणून आम्हाला नेहमी वाटते की, शाळेची आंतरराष्ट्रीयता मोजावयाची झाल्यास ती या एका प्रश्नाच्या कसोटीवर मोजावी. पाटीवरील अक्षरे मोजण्यात अर्थ नाही.

आणि आपला जिल्हा या बाबतीत मुळीच मागासलेला नाही. आपल्याच पाचगणीच्या डोंगरावर शंभर-सव्वाशे वर्षांपासून निवासी शाळा आहेत. किमिन्स हायस्कूल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, संजीवन विद्यालय १९२२ चे, बहाई पंथीयांचे न्यू एरा हायस्कूल १९४५ चे. दूरदूरच्या देशांतून मुले या डोंगरावर आली आहेत. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजलेला गायक मूळचा झांझिबारमधील बुलसारा नावाच्या पारशी कुटुंबातला. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास आईबापांनी त्याला समुद्रापलीकडून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले होते. आठ वर्षांचे मूल एवढ्या लांब पाठविणारे घर शाळेवर केवढा विश्वास टाकते, याचा विचार करा. त्या विश्वासाचा कागदावरील आकार म्हणजे शाळेचे नियम.

पाच धोरणे

आता नियमांकडे वळू. आय.बी. ही संस्था आपल्या शाळांकडून पाच विषयांवर लेखी धोरण मागते. प्रवेश, भाषा, समावेशन, मूल्यमापन आणि शैक्षणिक प्रामाणिकपणा हे ते पाच विषय. आपली शाळा कोणत्याही मंडळाची असो, हे पाच प्रश्न तिलाही पडतातच. म्हणून ते एकेक करून पाहू.

प्रवेशाचे धोरण म्हणजे कोणाला घ्यावयाचे आणि कशावरून. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, पुणे जिल्ह्यातील मुळशीच्या डोंगरात १९९७ साली ‘महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज’ सुरू झाले. तेथे अनेक देशांतील मुले शेवटची दोन वर्षे राहून शिकतात. त्या त्या देशातील समित्या मुलांची निवड करतात आणि घरची ऐपत पाहून शिष्यवृत्ती दिली जाते. म्हणजे आधी मूल पाहावयाचे, पैशाचा हिशेब मागाहून. पुष्कळ शाळांतून हा क्रम उलटा असतो.

समावेशन म्हणजे जे मूल इतरांहून वेगळे आहे, ज्याला वाचताना अक्षरे उलटी दिसतात, ऐकू कमी येते, चालता येत नाही, त्याची सोय. ज्या शाळेच्या पुस्तिकेत या विषयावर एकही ओळ नसेल, ती शाळा अडचणीच्या वेळी ‘तुमचे मूल दुसरीकडे न्या’ असे सांगेल, हे समजून असावे.

मूल्यमापन म्हणजे गुण कसे देणार. आपण निकालपत्रकावरचा आकडा पाहतो आणि शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहतो. चांगली शाळा मुलाला काय येते आणि कोठे अडते हे शब्दांत लिहून देते. ते शब्द वाचण्याचे कष्ट मात्र घराने घ्यावयाचे असतात.

प्रामाणिकपणाचे धोरण आज फार महत्त्वाचे झाले आहे. पूर्वी नक्कल म्हणजे शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणे. आता मोबाईलमधील यंत्राला प्रश्न घातला की निबंध तयार होऊन येतो. २०२३ साली या प्रश्नावर आय.बी.ने जी भूमिका घेतली ती विचार करण्यासारखी आहे. यंत्रावर सरसकट बंदी न घालता तिने असे सांगितले की, त्याच्याकडून घेतलेला मजकूर आपला म्हणून खपवू नये, जेथून घेतला त्याचा उल्लेख करावा. ही अपेक्षा विद्यार्थ्याइतकीच घराकडूनही आहे. कारण यंत्र येण्याच्या आधीपासून आपल्या घरांतून मुलांचे प्रकल्प बाप करीत आले आहेत आणि चित्रे आई काढीत आली आहे. थर्मोकोलचा किल्ला प्रदर्शनात पहिला येतो तेव्हा बक्षीस मुलाला मिळते आणि धडाही मुलालाच मिळतो. दुसऱ्याने केलेले आपले म्हणून मांडावे, हा तो धडा.

राहिली भाषा. येथे आपल्या समजाला मोठा धक्का बसतो. खऱ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात मुलाच्या मातृभाषेला मान आहे. आय.बी.च्या शेवटच्या दोन वर्षांत, शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी, मुलाला शाळेच्या मदतीने स्वतः अभ्यास करून आपल्या भाषेतील साहित्य हा विषय घेण्याची सोय ठेवलेली आहे. शाळेच्या भाषाधोरणात मुलाच्या घरच्या भाषेचा विचार असावा, अशीही अपेक्षा असते. यामागे भावनेपेक्षा अनुभव अधिक आहे. ज्या मुलाची पहिली भाषा पक्की, त्याची दुसरी भाषा त्या पायावर उभी राहते. घरात मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलणारे आईबाप मुलाला इंग्रजी देऊ शकत नाहीत, उलट जी भाषा ते उत्तम देऊ शकले असते ती हातची घालवितात. चुलीपाशी आई जी गोष्ट सांगते, बांधावर बाप जी नावे सांगतो, त्या शब्दांतून मुलाची विचार करण्याची ताकद वाढते. तेव्हा ‘घरी इंग्रजीतच बोला’ असे सांगणारी शाळा आंतरराष्ट्रीय रीतीने वागते असे नव्हे. ती त्या रीतीच्या नेमके उलट वागते. शिवाय २०२० साली आपल्या राज्याने केलेल्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे आहे. पाटीवर कोणताही शब्द असला तरी या कायद्यातून सुटका नाही.

रास, भुसकट आणि खडे

खळ्यावर धान्य उफणताना आपण तीन गोष्टी वेगळ्या करतो. दाण्याची रास एका बाजूस, भुसकट दुसऱ्या बाजूस, आणि खडे वेचून टाकावयाचे. शाळेच्या पुस्तिकेचेही असेच करावे.

दाणे म्हणजे जे नियम मुलाच्या शिक्षणासाठी आणि सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहेत. वेळेवर यावे, रोज यावे. आजारी मुलाला शाळेत धाडू नये आणि निरोगी मुलाला घरी ठेवू नये. मुलाला शाळेतून कोण नेणार त्याचे नाव आधी कळवावे. दुसऱ्या मुलाला त्याच्या जातीवरून, रंगावरून, बापाच्या धंद्यावरून हिणवू नये. पालकसभेस यावे. हे नियम आपल्याला जाचक वाटतात ते आपल्या सवयीमुळे. जत्रा आली की चार दिवस शाळा बुडते, मावळणीकडचे लग्न आले की आठ दिवस, आणि परत जाताना डॉक्टरांचा खोटा दाखला. मुलाने पाहिलेले असते की तो आजारी नव्हता. शाळेने वर्षभर शिकविलेला खरेपणा घराने एका कागदात पुसून टाकला, असे आम्हाला म्हणावेसे वाटते. पालकसभेचेही तसेच. शिक्षकांनी पालकांना नियमितपणे भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगावी, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. शिक्षक सांगावयास बसला आणि ऐकणारा आलाच नाही, तर कायदा काय करणार?

आणि कर्तव्य एकट्या शिक्षकाचे नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत एका कर्तव्याची भर पडली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे त्याच्या आईबापांचे, पालकांचे कर्तव्य होय, असे आता राज्यघटना सांगते.

भुसकट म्हणजे गणवेशाची छटा, वह्यांचे आवरण, बुटांचा आकार, असले नियम. ते निरुपद्रवी असतात. पाळावेत, पण त्यांनाच शिस्त समजू नये. शाळाही पुष्कळदा येथेच फसते. बुटाला पॉलिश नाही म्हणून मुलाला बाहेर उभे करते आणि त्याने वर्गात प्रश्न विचारला तर तिच्याजवळ ऐकावयास वेळ नसतो.

खड्यांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथे सही करण्यापूर्वी थांबावयाचे असते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे प्रवेश देताना देणगी घेता येत नाही. मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावणारी मुलाखत घेता येत नाही. ‘आई पदवीधर आहे काय’ हा प्रश्न प्रवेशाची अट होऊ शकत नाही. देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५,००० आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने अल्पसंख्याकांच्या संस्था या कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या, हे मात्र ध्यानात ठेवावे.

शिक्षेविषयी कायदा स्पष्ट आहे. मारणे तर नाहीच, पण मुलाचा मानसिक छळ करणेही निषिद्ध आहे. फी भरली नाही म्हणून वर्गासमोर नाव वाचणे, मराठी बोलले म्हणून गळ्यात पाटी अडकविणे, हा छळच होय. येथे आपणही आपल्याला तपासून पाहू. ‘गुरुजी, हाडे तेवढी आमची राखा, बाकी काय करायचे ते करा,’ असे सांगून मूल शाळेत सोडणारे बाप आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. जो अधिकार कायद्याने शिक्षकाकडून काढून घेतला, तो घराने परत बहाल करू नये.

फीविषयी आपल्या राज्याचा २०११ चा कायदा आहे. खासगी शाळेत वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक चिठ्ठ्या टाकून निवडला जातो. संस्थेने फीचा प्रस्ताव या समितीपुढे ठेवावयाचा आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षे बदलावयाची नाही, अशी ही व्यवस्था आहे. किती गावांतून पालकांना ही समिती ठाऊक आहे? चिठ्ठीत नाव निघाले तर ‘आमच्याच्याने होणार नाही’ म्हणून मागे सरणारे आपणच, आणि फी वाढली की चहाच्या टपरीवर संस्थेला शिव्या देणारेही आपणच. अधिकार वापरला नाही तर तो गंजतो.

घराने काय द्यावयाचे

एवढे सगळे सांगितल्यावर मूळ प्रश्न उरतो. शाळेने घराकडून नेमके काय मागावे? पुष्कळ पुस्तिका पैसा मागतात आणि मग आज्ञाधारकपणा मागतात. याहून निराळे काही मागणारी शाळा असू शकते काय? यासाठी पुन्हा साताऱ्याकडे पाहू.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. ज्यांच्याकडे रोख पैसा नव्हता अशा घरांपर्यंत भाऊराव गेले आणि मुठीमुठीने धान्य मागितले. दळण करताना, स्वयंपाकाला बसताना बाईने एक मूठ धान्य बाजूस काढावे, ते साठवून बोर्डिंगच्या मुलांना द्यावे, ही ती मुष्टिफंडाची योजना. हिशेबाच्या दृष्टीने एका मुठीची किंमत ती काय? पण ज्या बाईने मूठभर धान्य दिले तिची ती शाळा झाली. तिला अक्षर येत नव्हते तरी शाळेत तिला मान होता. आणि मुलाने काय द्यावयाचे? श्रम. स्वावलंबी शिक्षण हे त्या संस्थेचे ब्रीद. मुले हाताने काम करून शिकली आणि आपण कोणाच्या उपकारावर शिकतो असे त्यांना वाटले नाही. अडचणीच्या दिवसांत लक्ष्मीबाई पाटील यांनी मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही, ही हकीकत आपण सर्व जाणता. म्हणजे तेथे नियम फक्त घेणाऱ्यालाच लागू नव्हता, मागणाऱ्याने स्वतःवर तो आधी लागू केला होता.

पुढे १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना उच्च शिक्षणातही आली. याच शाहू बोर्डिंगमधून शिकून पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मराठी बोलणाऱ्या घरातून जगाकडे वाट गेली ती अशी. त्यासाठी घराने आपली भाषा टाकावी असे कोणी सांगितले नव्हते.

नियम मोडण्याचाही एक धडा भाऊरावांच्या चरित्रात आहे. विद्यार्थिदशेत कोल्हापुरात ते ज्या वसतिगृहात राहत होते तेथे सोवळ्याचे नियम कडक होते. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी निघालेल्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, म्हणून परतल्यावर त्यांना स्नान करून शुद्ध होण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. ज्याने पुढे हजारो मुलांना शिस्त लावली त्याच्या आयुष्याचा आरंभ एका नियमाला नकार देण्याने व्हावा, हे मोठे अर्थपूर्ण आहे. कोणता नियम पाळावा आणि कोणता नाकारावा, हे त्यांनी कशावरून ठरविले? आमच्या समजुतीप्रमाणे कसोटी सोपी होती. जो नियम माणसाला माणसाजवळ आणतो तो पाळावा. जो नियम माणसाला माणसाची लाज वाटावयास लावतो तो नाकारावा.

शाळेच्या पुस्तिकेला हीच कसोटी लावा. ‘वेळेवर या’ हा नियम मुलाला वर्गमित्रांजवळ आणतो. ‘हिणवू नका’ हाही आणतो. ‘घरची भाषा बोलू नका’ हा नियम नातीला आजीपासून तोडतो. तो कितीही गुळगुळीत कागदावर छापलेला असो, तो शाळेचा नियम होऊ शकत नाही.

म्हणून येत्या जूनपूर्वी जे आपल्या मुलांची नावे नव्या शाळेत घालणार आहेत त्यांना आमची विनंती आहे. पुस्तिका सही करण्यापूर्वी वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याकडून समजावून घ्या, आणि तो वाचणारा तुमचे मूल नसावे. आईबापांसाठी शाळेचे कागद वाचून सांगण्याचा भार आठ-दहा वर्षांच्या मुलावर पडला की घरात कोण मोठे आणि कोण लहान हेच त्याला कळेनासे होते. पुस्तिका मराठीत मागा. जी शाळा तुमच्या घराकडून एवढ्या अपेक्षा करते तिने त्या तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगाव्यात, ही मागणी अवाजवी नाही. मंडळ कोणते, फीचा निर्णय कोणत्या समितीने केला, तक्रार कोणाकडे लेखी द्यावयाची, आणि माझ्या मुलाच्या भाषेविषयी शाळेचे मत काय, हे चार प्रश्न विचारा. उत्तर देताना शाळा चिडली तर तेही एक उत्तरच आहे. आणि ही सारी उत्तरे मिळाल्यावर आपल्या वाट्याचे नियम निमूटपणे पाळा. जत्रेला चार दिवस शाळा बुडवून मुलाच्या हक्काविषयी भांडता येणार नाही.

त्या शेतकरी गृहस्थांचे पुढे काय झाले, असे आपण विचाराल. त्यांनी त्या रात्री आमच्याकडून पेन घेतले. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सही केली आणि सहीखाली आपल्या वळणदार मराठीत लिहिले : ‘घरी इंग्रजी बोलण्याचा नियम सोडून बाकीचे सर्व नियम मान्य.’ शाळेने ती पुस्तिका ठेवून घेतली, काही उत्तर दिले नाही. पुढील वर्षीच्या पुस्तिकेत तो नियम जसाच्या तसा होता आणि त्यांनी पुन्हा तीच ओळ लिहून दिली. मुलगी त्याच शाळेत शिकते आहे, तिचे इंग्रजी चांगले आहे. बापाने लिहिलेली ती ओळ तिने दुसऱ्या वर्षी आजीला मोठ्याने वाचून दाखविली, असे ते आम्हाला सांगत होते. गॅदरिंगला आजी गेली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती.